मुका रेडिओ

१९९९ साली आमच्या घराच्या पत्र्यावर टीव्हीचा अँटेना होता आणि त्याच्या दांडीला अब्बांनी स्वतःच्या हाताने जोडलेला एक बूस्टर बांधलेला होता. अब्बांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दुसऱ्यांच्या घरी मुंग्या दिसल्या तर चालतील, पण रेडिओवाल्या चाचांच्या घरी दूरदर्शन स्वच्छच दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. एका दुपारी जीपमधून दोन माणसं उतरली. एकाच्या हातात माशाच्या काट्यासारखा छोटा अँटेना, दुसऱ्याच्या गळ्यात एक डबा. गल्लीत इकडे वळव, तिकडे वळव करत ती दोघं आमच्या दारापाशी येऊन थांबली आणि पत्र्याकडे बघायला लागली.

"चाचा, तुमचा बूस्टर ओरडतोय," त्यातला एकजण हसत म्हणाला.

ती माणसं खोडदच्या दुर्बिणीकडची होती. आमच्यापासून थोड्याच अंतरावर. बूस्टर बिघडला की तो नुसतं आत घेत नाही, स्वतःच लहरी बाहेर फेकायला लागतो, आणि त्या लहरी दुर्बिणीच्या कानात जातात. अब्बांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्या पत्र्यावरची डबी आकाशातल्या ताऱ्यांच्या मधे येते, हे ऐकून ते इतके ओशाळले की त्यांनी लगेच शिडी लावली. अम्मीने चहा केला. त्या दिवसापासून आमच्या टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या आणि अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने त्याचं कारण सांगायला लागले.

नारायणगाव, जुन्नर भागातल्या लोकांना खोडदच्या तबकड्यांचं आता काही वाटत नाही. द्राक्षाच्या बागा, टोमॅटोचे क्रेट, उसाचे ट्रॅक्टर, आणि मधेच ४५ मीटर व्यासाची तारांच्या जाळीची तबकडी. अशा तीस तबकड्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती इथे रेडिओची गडबड कमी आणि भोवती डोंगरांची भिंत म्हणून. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी वापरायची कल्पनाही त्यांचीच. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. आमच्या गल्लीतल्या एका दादींचं ठाम मत होतं की एवढ्या जाळीत चांगली दोनशे कोंबड्यांची खुराडी झाली असती.

बाहेरचे पाहुणे आले की त्यांना वाटतं, इथे परग्रहवासीयांना शोधतात. तसं नाही. खोडदचं मुख्य काम हायड्रोजन, पल्सार, आकाशगंगा. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की इथे एका दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा क्षीण आवाज पकडला, जो ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज. म्हणजे तो निघाला तेव्हा ऐकणारं कोणी तर सोडाच, ऐकायला जागाच तयार झालेली नव्हती. ही बातमी मी अब्बांना दोनदा वाचून दाखवली. एकदा समजावी म्हणून आणि एकदा त्यांना ऐकू यावी म्हणून. त्यांचे कान तोवर बरेच गेले होते.

माझा स्वतःचा परग्रहवासीयांशी परिचय एका गैरसमजातून झाला. शाळेच्या ग्रंथालयात 'प्रेषित' नावाचं पुस्तक दिसलं. आमच्या मराठीत प्रेषित म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.). मी ते मोठ्या अदबीने, उजव्या हाताने उचललं आणि घरी नेलं. उघडलं तर लेखक जयंत नारळीकर आणि आत दूरच्या ताऱ्यांवरच्या बुद्धिमान जीवांची गोष्ट. दोन रात्रींत संपवलं. परत करताना मास्तरांनी विचारलं, "काय, समजलं का?" मी म्हटलं, "हो सर, पण हे दुसरेच प्रेषित होते." मास्तर हसले, आणि पुढे वर्षभर त्यांनी मला नारळीकरांचं जे मिळेल ते दिलं.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्या दिवशी मला कथांपेक्षा त्यांचे फुगे आठवले. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून ४१ किलोमीटर उंचीपर्यंत फुगे पाठवून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली हवा गोळा केली होती. दुसऱ्या खेपेला तीन नव्या जातींचे जिवाणू सापडले. वर्तमानपत्रांनी 'परग्रहावरचे जीव' असा मथळा करायला बोटं शिवशिवत असताना या मंडळींनी स्वच्छ सांगितलं की ते बाहेरून आले हे यावरून सिद्ध होत नाही. ज्याला एखादी गोष्ट खरी ठरावी असं मनापासून वाटतं, त्यानेच 'अजून नाही' म्हणणं, हे मला त्या जिवाणूंपेक्षा मोठं वाटतं.

आता मूळ प्रश्न. आपण किती पुढारलेले आहोत?

यासाठी एक मोजपट्टी आहे. निकोलाय कार्दाशेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडली. जी जमात आपल्या ग्रहाच्या आवाक्यातली सगळी ऊर्जा वापरते ती पहिल्या दर्जाची, जी आपल्या ताऱ्याची सगळी वापरते ती दुसऱ्या, आणि जी अख्खी आकाशगंगा जुंपते ती तिसऱ्या. पुढे कार्ल सेगन यांनी मधले अपूर्णांक काढायचं सूत्र दिलं. त्या हिशोबाने आपण साधारण ०.७ वर आहोत. ऐकायला बरं वाटतं, पहिल्या वर्गाच्या जवळ आल्यासारखं. पण ही पट्टी दर पायरीला दहा पटींनी चढते असं नाही, त्याहून फार जास्त. माणसं आज जी ऊर्जा वापरतात ती साधारण २० लाख कोटी वॅट. पूर्ण एक गाठायचा तर त्याच्या पाचशे पट हवी.

मला या पट्टीबद्दल आदर आहे, पण ती शेवटी लाईटबिलच आहे. आणि लाईटबिलाने माणूस मोजायचा तर आमच्या तालुक्यात या. शेतीपंपाला थ्री फेज लाईट रात्रीची येते. उसात बिबट्या असतो. मादी उसातच पिल्लं घालते, तिच्या लेखी ते जंगलच आहे. हातात बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्याने खोकत किंवा मोबाइलवर गाणी लावून माणूस मोटार चालू करायला जातो. परत येईपर्यंत घरचे जागे. या माणसाच्या डोक्यावरून आठ अब्ज वर्षांपूर्वीचा आवाज खोडदला पोहोचत असतो. दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात, एकाच रात्री. मग ०.७ कोणाचा? आणि आणखी एक, आमच्याजवळ एक हुशार, सावध, आमच्या सवयी पाठ असलेला प्राणी दोनशे मीटरवर राहतो आणि त्याच्याशी काय करायचं हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या ताऱ्यावरच्याशी काय बोलणार आहोत, देव जाणे.

पुढारलेपणाची एक गोष्ट मात्र अब्बांची फार आवडती. १९ ऑक्टोबर २०१६. युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापारेल्ली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, आणि त्याचा क्षीण रेडिओ आवाज पृथ्वीवरून ऐकण्याचं काम खोडदच्या तबकड्यांकडे होतं. आपल्या खोडदच्या! आवाज मिळाला. यान मंगळाच्या हवेत शिरलं, पॅराशूट उघडलं, आणि जमिनीला टेकायला मिनिटभरही उरलं नसताना आवाज बंद पडला. नंतर चौकशीत कळलं की यान जोरात हेलकावलं तेव्हा त्याच्या एका मापकाने चुकीचा आकडा धरून ठेवला, आणि संगणकाचा असा हिशोब झाला की आपण जमिनीच्या पातळीच्याही खाली आहोत. त्याने पॅराशूट सोडून दिलं आणि इंजिनं तीस सेकंदांऐवजी तीन सेकंदांत बंद केली. यान तेव्हा जवळजवळ पावणेचार किलोमीटर उंचीवर होतं.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मतलब उसको लगा वो दफन हो चुका?"

हो, तसंच.

"बिचारा."

अब्बांकडे मुका रेडिओ दुरुस्तीला आला की ते आधी पाना हातात घेत नसत. बसायचे. गिऱ्हाइकालाही बसवायचे. त्यांचं म्हणणं असं की सेटमधून आवाज येत नाही याची कारणं तीनच: स्टेशन बंद असेल, सेट खराब असेल, किंवा सुई चुकीच्या जागी असेल. लोक येतात ते सेटच खराब धरून येतात. त्यांचे निम्मे पैसे सुई हलवून वाचतात.

पुढे मी फर्मीबद्दल वाचलं तेव्हा मला अब्बांचं दुकान डोळ्यांसमोर आलं. एन्रिको फर्मीने १९५० मध्ये लॉस अलामॉसला जेवता जेवता सोबत्यांना विचारलं होतं की आकाशात एवढे तारे आहेत, एवढा काळ लोटलाय, तर मग सगळे आहेत कुठे? त्यावर गेली पंचाहत्तर वर्षं शेकडो उत्तरं लिहिली गेली, पण ती घडी घालून ठेवायची तर अब्बांच्या तीन कप्प्यांत बसतात.

स्टेशन बंद: म्हणजे बुद्धिमान जीव झालेच नाहीत, किंवा झाले आणि संपले. फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये जे समीकरण मांडलं, त्यातला शेवटचा घटक हाच आहे की अशी जमात किती वर्षं आवाज देत राहते. माणूस पृथ्वीवर तीनेक लाख वर्षं आहे. रेडिओ वापरतोय तो सव्वाशे-दीडशे वर्षांपासून. आणि या एवढ्याशा काळात आपण आपलंच स्टेशन कायमचं बंद पाडू शकेल असा बॉम्बही बनवून बसलो आहोत. तो बनवला तेही त्याच लॉस अलामॉसला.

सेट खराब: ड्रेक यांनीच १९६० मध्ये ग्रीन बँक इथल्या २६ मीटरच्या एका तबकडीने दोन ताऱ्यांकडे कान लावला. तिथून सुरुवात. १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेतल्या ओहायोत एका दुर्बिणीला ७२ सेकंदांचा एक जोरदार आवाज मिळाला. तो पुन्हा कधीच आला नाही. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "कधी येतं कधी जातं, हा फॉल्ट सगळ्यात वाईट. दुकानात आणला की सेट नीट वाजतो."

आणि सुई. हे मला सगळ्यात पटतं. जिल टार्टर या शास्त्रज्ञ बाईंनी एक उपमा दिली होती, की आजवर आपण जेवढं शोधलं ते म्हणजे समुद्रातून एक पेला पाणी काढून, त्यात मासा दिसला नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत म्हणण्यासारखं. सूर्याबाहेरच्या ताऱ्यांभोवती सहा हजारांवर ग्रह आता सापडले आहेत, आणि सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला सापडला तो १९९५ मध्ये. म्हणजे मी मिशा फुटायच्या वयात होतो तेव्हा. आपल्या रेडिओचा आवाज अजून शंभर-सव्वाशे प्रकाशवर्षांपलीकडे पोहोचलेला नाही. आकाशगंगेची रुंदी एक लाख प्रकाशवर्षं. गावाच्या एका टोकाला कोणी शिंकलं आणि दुसऱ्या टोकाकडून 'यर्हमुकल्लाह' आलं नाही म्हणून गाव ओस आहे असं कोणी म्हणत नाही.

माझी मुलगी लहान असताना हाच प्रश्न मकतबच्या मौलानांना विचारून आली होती. मला धास्ती वाटली, की आता तक्रार येणार. मौलाना तरुण होते. त्यांनी तिला म्हटलं, "बेटा, नमाजमध्ये रोज रब्बुल आलमीन म्हणतेस ना? आलम एक असता तर आलमीन कशाला म्हटलं असतं?" आणि सूरह शूरामधली ती आयत सांगितली, ज्यात आकाशं आणि धरती या दोन्हींमध्ये पसरवलेल्या जिवांचा उल्लेख आहे. काही भाष्यकारांनी त्यात फरिश्तेही धरले आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मला त्यांचं हे आवडलं. आयतींमध्ये दुर्बिणी आणि अणुभट्ट्या शोधणाऱ्यांपैकी मी नाही. उद्या विज्ञानाने मत बदललं की ही मंडळी अडचणीत येतात. पण दार उघडं आहे एवढं सांगायला हरकत नाही. हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने इब्न सीनाला पत्रातून विचारलंच होतं, की आपल्या या जगाहून वेगळं दुसरं जग असूच शकत नाही असं ॲरिस्टॉटल कशावरून म्हणतो? इब्न सीनाने ॲरिस्टॉटलची बाजू घेतली. बिरूनीचं समाधान झालं नाही. मुसलमान मुलांना शाळेत हे भांडण शिकवलं तर किती मजा येईल.

त्याच मुलीला आता भौतिकशास्त्र शिकायचं आहे. गेल्या जूनमध्ये तिच्या कॉलेजसाठी आम्ही पुण्यात भाड्याची खोली शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं. डिपॉझिट, पाण्याची वेळ, बाल्कनी. मग समोरचा विचारायचा, "नाव काय म्हणालात?" मी नाव सांगायचो. "मालकांना विचारून कळवतो." आणि मग शांतता. सात ठिकाणी झालं. कोणीही वाईट बोललं नाही, हे सांगायला हवं. नुसता फोन आला नाही.

सातव्या वेळी मी कॉलेजच्या बाहेर कट्ट्यावर बसलो होतो, आणि मनात आलं की अब्बांच्या यादीत हे कारण नाही. स्टेशन चालू आहे, सेट ठीक आहे, सुईही बरोबर जागी आहे. आवाज पोहोचला आहे. ऐकणाऱ्याने ऐकून उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आहे. गंमत म्हणजे फर्मीच्या प्रश्नाला हेही एक उत्तर शास्त्रज्ञांनी देऊन ठेवलेलं आहे: ते आहेत, त्यांना आपण दिसतो, पण आपल्यात यायचं त्यांना काही कारण वाटत नाही. पूर्वी हे मला सगळ्यात कच्चं उत्तर वाटायचं.

मुलगी शेजारी बसून फोनवर काहीतरी ऐकत होती. तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला. केसरबाई केरकर, भैरवी, 'जात कहाँ हो'.

हे गाणं आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचलं आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, कोणाला सापडलीच तर ऐकता यावी म्हणून. त्यात भारतातून ही साडेतीन मिनिटं. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. आणि त्यांना घडवलं उस्ताद अल्लादिया खाँ यांनी, जे कोल्हापूर दरबारचे गवई. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. यान आज पंचवीस अब्ज किलोमीटरवर आहे. तिथून निघालेली हाक पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागतो, आणि ती हाक पाठवणारं यंत्र आहे अवघ्या २३ वॅटचं. आमच्या ओट्यावरचा बल्ब चाळीसचा होता.

त्याच तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. मराठी आहे. उर्दूही आहे. म्हणजे आमच्या घरात दिवसभर ज्या दोन भाषांची सरमिसळ चालते, त्या दोन्ही तिकडे निघाल्या आहेत. ताजमहालाचा फोटोही आहे. युद्धाचा एकही नाही. निवड करणाऱ्यांनी तसं मुद्दाम ठरवलं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण नाही का चादर बदलतो, तसं. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. पण भैरवी ऐकता ऐकता वाटलं की ही तबकडी खरंच कोणाला सापडली आणि ते पत्ता शोधत आले, तर एजंट त्यांना आधी नाव विचारेल.

मुलीला मी हे बोललो नाही. तिनेच विचारलं, "अब्बू, आठवा फोन करायचा का?" केला. खोली शेवटी जिथे आम्हाला मिळते तिथेच मिळाली, कोंढव्यात. कॉलेजला दोन बस बदलाव्या लागतात.

या फेब्रुवारीत विज्ञान दिनाला आम्ही तिघं खोडदला गेलो. अब्बा त्र्याऐंशीचे. शाळांच्या बसगाड्या, पोरांची रांग, रसवंतीवाले. आत दुर्बिणीपाशी जाताना एका स्वयंसेवकाने मोबाइल बंद करायला सांगितले. चंद्रावर कोणी एक साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर आकाशातल्या सगळ्यात ठळक रेडिओस्रोतांमध्ये त्याची गणना होईल, असं तो पोरांना समजावत होता. आम्ही फोन बंद केले. अब्बांनी कानातलं श्रवणयंत्र काढलं आणि त्या मुलासमोर धरलं.

"ये भी?"

तो मुलगा हसला, "राहू द्या बाबा, त्याचं काही नाही."

अब्बांनी तरी ते बंद करून खिशात टाकलं. १९९९ ची शरम अजून गेली नसावी. मग खुर्ची मागून घेतली आणि बसले. वरची तबकडी हळूहळू वळत होती, इतकी सावकाश की बराच वेळ बघितल्यावर कळतं. मुलगी कुठल्याशा पोस्टरपाशी पल्सारवर वाद घालत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं. ऐकू येत नसल्यामुळे ते जरा मोठ्यानेच बोलले, आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली.

"त्यांचा आवाज आला का कोणाला अजून?"

मी हाताने नाही म्हटलं.

"किती वर्षं झाली ऐकतात?"

मी सहा बोटं दाखवली आणि मग शून्य. साठच्या वर.

"बस?" अब्बा म्हणाले. "मला व्हॉल्व्हच्या एका सेटला सहा महिने लागले होते."